रंग न दिलेली फत्तेमारी

श्री. रघुनाथराव मेहेंदळे यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, तेव्हा त्यांचे काम, त्यांची मूल्ये आणि त्यांचा स्नेह यांविषयी चार शब्द लिहा, असे गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवले. हे तीन वेगवेगळे विषय आहेत असा संपादकांचा समज दिसतो. मला ते कधीच वेगळे करता आले नाहीत, म्हणून मी एकाच गलबताची हकीकत सांगणार आहे.

नव्वदच्या दशकात माझी बँकेतली बदली नागपूरहून लखनौला झाली. अलीगंजमध्ये भाड्याची खोली, ओळखीचे कोणी नाही. गणेशोत्सवात मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेले, तर सभागृहाच्या कोपऱ्यात एका टेबलावर हातभर लांबीची जहाजे मांडलेली. मागे खुर्चीवर एक काटकुळे गृहस्थ बसलेले. मी नागपूरची, समुद्र तोवर मी कॅलेंडरवरच पाहिलेला. मी विचारले, "ही पाण्यात तरंगतात का हो?" ते गंभीरपणे म्हणाले, "कल्पना नाही. कधी विचारलं नाही त्यांना." आणि लगेच, "रविवारी मानक नगरला या. हाताला काम देतो." ही माझी आणि रघुनाथरावांची, म्हणजे आमच्या काकांची, पहिली भेट.

काका रेल्वेत इंजिनिअर होते आणि मूळचे सांगलीचे. म्हणजे समुद्राशी त्यांचाही संबंध माझ्याइतकाच. गलबतांचे वेड त्यांना कुठून लागले हे मी अनेकदा विचारले. दर वेळी त्यांनी वेगळे उत्तर दिले, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. मानक नगरच्या त्यांच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात आमची शाळा भरे. दशहरी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून तक्ते, बांबूच्या डोलकाठ्या, आणि शिडांच्या दोरांसाठी लखनौच्या चौक बाजारातून आणलेला, चिकनच्या भरतकामाचा दोरा. पहिले कित्येक रविवार त्यांनी मला फक्त फळ्या घासायला लावल्या. मी कंटाळून म्हटले, "काका, आता गुळगुळीत झाली की." त्यांनी डोळे मिटले, फळीवरून अंगठा फिरवला आणि ती मला परत दिली. एकदा मला टायफॉइड झाला, तेव्हा हेच काका आपल्या घरचा भरलेला गॅस सिलिंडर स्कूटरवर बांधून मानक नगरहून अलीगंजला आले होते, कारण माझा संपला होता. सिलिंडर जोडल्यावर त्यांनी मी केलेली एक छोटी होडी पाहिली आणि तापातल्या माणसाला तिच्यातल्या दोन चुका सांगून गेले.

आता मुख्य हकीकत. माझ्या बँकेत सुरेश चोगले नावाचे सहकारी होते, गोमती नगरमध्ये राहणारे. त्यांचे वडील दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे, जन्मभर फत्तेमारीवर तांडेल म्हणून काम केलेले. फत्तेमारी म्हणजे दोन शिडांचे मालवाहू गलबत, आणि तांडेल म्हणजे ते चालवणारा प्रमुख. काचबिंदूने बाबांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. आई आधीच वारल्या होत्या, म्हणून सुरेश त्यांना लखनौला घेऊन आले. "पुढच्या महिन्यात गावी जाऊ," असे ते बाबांना दर महिन्याला सांगत, आणि रजा काही मिळत नसे. शेवटी बाबांनी बोलणेच कमी केले. त्यात पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला उशीर करू नका, असे डॉक्टरांनी बजावले, आणि बाबांनी साफ नकार दिला. "दिसत नाही म्हणून सगळे मला थापा मारतात," ते सुरेशना म्हणाले, "मला तिथं टाकशील नि म्हणशील, उद्या घरी नेतो."

माझ्या ओळखीने सुरेश काकांकडे आले होते, आणि त्यांच्याकडून तुमच्या फत्तेमारीची प्रतिकृती करून घेतोय, असे त्यांनी बाबांना आधीच सांगितले होते. बाबांनी तेवढाच एक शब्द पकडला. "आधी ती हातात दे. मग न्यायचं तिथं ने." सुरेशनी इस्पितळात सोमवारची खाट ठरवली. सगळी भिस्त आता काकांच्या व्हरांड्यातल्या त्या गलबतावर होती.

गावाहून सुरेशना गलबताची फक्त एक जुनी निगेटिव्ह मिळाली होती. अलीगंजच्या एका स्टुडिओतून तिचा मोठा फोटो करून घेतला होता. डेकवर नव्या सदऱ्यात तरुण बाबा उभे, मागे सगळा पसारा स्वच्छ दिसतोय. त्या फोटोवरून काकांनी दोन-तीन महिने काम केले होते. भिंग लावून त्यांनी एकेक दोर मोजला होता. रंगकाम तर असे झाले होते की मी बघतच राहिले: काळेभोर अंग, त्यावर बारीक तांबडा पट्टा, कुठे ब्रशची खूण नाही. ऑगस्टच्या त्या शुक्रवारी मी अर्धी सुट्टी टाकून शेवटचा हात फिरवायला गेले होते. सहज फोटो हातात घेतला. गलबत बघून बघून डोळे दुखले होते, म्हणून माणसाकडे पाहिले.

"काका," मी म्हटले, "बाबांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे कसा?"

"असेल. शिंप्याला विचारा."

"नाही हो. बटणंसुद्धा बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी आहेत."

काकांनी फोटो घेतला. भिंग लावले, काढले, पुन्हा लावले. मग त्यांनी स्कूटर काढली, मला मागे बसवले आणि आम्ही थेट स्टुडिओत गेलो. निगेटिव्ह उजेडासमोर धरून फोटोशी ताडून पाहिली. तिची चकचकीत बाजू जिथे असायला हवी तिथे निस्तेज बाजू ठेवून फोटो काढला होता. सगळे चित्र उलटे. चूल, पाण्याचे पीप, बांधलेले होडके, शिडाच्या काठ्या, जे डावीकडे ते उजवीकडे. स्टुडिओवाले अत्यंत अदबीने म्हणाले, "जनाब, नाव ही तो है। पानी तो दोनों तरफ़ है।" काकांनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन फूटपाथवर बसले. त्यांना असे बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "इतके दिवस दोर बघत बसलो," ते म्हणाले, "त्या माणसाकडे एकदा बघायला काय झालं होतं मला?"

संध्याकाळी सुरेश गलबत न्यायला आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळे सांगितले. लपवायचे मनात असते तर अगदी सोपे होते. फोटो आणि गलबत एकमेकांशी तंतोतंत जुळत होते.

सुरेश रडकुंडीला आले. "काका, बाबांना दिसत नाही. आहे तशी द्या ना. काय फरक पडतो यार!"

"दिसत नाही म्हणूनच देता येत नाही. डोळ्यांना फसवता येतं. त्यांचे हात कसे फसतील?"

"और बाबा ने फिर मना कर दिया तो? सोमवार गेला तर पुन्हा खाट कधी मिळणार? डॉक्टर क्या बोले हैं, पता है ना आपको?"

"माहीत आहे," काका म्हणाले. "आणि ही पण थापच आहे असं त्यांना वाटलं तर? मग पुन्हा कशावर विश्वास ठेवतील ते?"

मला मनातून सुरेशचे पटत होते, हे इथे लिहिते. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना चूल कुठल्या बाजूला आहे याची चर्चा कशाला, असे मला वाटत होते आणि काकांचा रागही येत होता. काकांनी मात्र सुरेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि "रविवारी सकाळी घेऊन येतो" एवढेच सांगितले.

शनिवारी काकांनी आणि मी रजा घेतली. गलबताचे अंग दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे तेवढे वाचले. वरचे सगळे उचकटायचे होते. सरस सुटावा म्हणून काकूंनी इडलीपात्र चढवले आणि वाफेवर गलबत धरून आम्ही एकेक वस्तू सोडवली. वीज नव्हती, उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि कपाळावरचा घाम डेकवर पडू नये म्हणून काकू मधूनमधून आमची डोकी टॉवेलने पुसत होत्या. चुलीची पेटी काकांच्या बोटांत फुटली. त्यांनी तुकडे बाजूला सारले आणि आंब्याच्या पेटीची नवी फळी तासायला घेतली. दुपारपर्यंत वाफेने रंगाला फोड आले. पुन्हा रंग द्यावा तर त्या दमट हवेत तो वाळणार नाही, चिकट रंग बाबांच्या बोटांना लागेल. काकांनी क्षणभर तो तांबडा पट्टा पाहिला आणि सँडपेपर उचलला. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना ते बघवेना. मी दुसऱ्या बाजूने घासायला लागले. संध्याकाळी आमच्यासमोर उघड्या लाकडाची फत्तेमारी उभी होती, आणि ती बरोबर होती.

रविवारी सकाळी आभाळ भरून आले होते. ओले झाले तर लाकूड फुगेल, म्हणून गलबत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी पोटाशी धरले आणि काकांच्या मागे स्कूटरवर बसले. मानक नगर ते गोमती नगर हा रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नाही. एक टेम्पो अगदी खेटून गेला, तेव्हा मी स्वतःला न सावरता गलबत सावरले. काका मागे न बघता म्हणाले, "तुम्ही पडू नका. तिला मी पुन्हा करू शकतो."

बाबा खाटेवर ताठ बसले होते. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. सुरेशनी त्यांच्या मांडीवर गलबत ठेवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाबांची बोटे पुढच्या टोकापासून निघाली, कडेने सावकाश मागे आली, सुकाणूला वळसा घालून दुसऱ्या बाजूने पुढे गेली. मग डेकवर चढली. डोलकाठी. शिडाची काठी, ती डोलकाठीच्या कुठल्या अंगाला आहे ते त्यांनी दोनदा पाहिले. तिथून डावीकडे उतरून बोटे चुलीच्या पेटीवर आली आणि थांबली. सुरेशनी डोळे मिटून घेतले होते.

"चूल," बाबा म्हणाले. "हां. इथंच."

पण बाबा तिथेच थांबले नाहीत. त्यांनी गलबताच्या अंगावर नख ओढले. पुन्हा ओढले. त्यांचा चेहरा बदलला.

"रंग कुठाय?"

सुरेश घाईने म्हणाले, "बाबा, रंग आहे ना, तुम्हाला लागत नाही—"

"नाही," काका मध्येच म्हणाले. "रंग नाही लावलेला. आधी लावला होता, तो घासून काढला. फोटो काळा-पांढरा आहे हो. तुमच्या गलबताचा रंग मला माहीतच नाही. मी अंदाजानं लावला होता."

बाबा त्यांच्या आवाजाकडे वळले. "काय लावला होतास?"

"काळा. वर तांबडा पट्टा."

"तांबडा!" बाबा एकदम हसले. सुरेश मला नंतर म्हणाले की ते हसणे त्यांनी लखनौत पहिल्यांदा ऐकले. "तांबडा सगळ्यांचा असायचा. माझा हिरवा. ह्याच्या आयशीनं सांगितलंन, हिरवा लाव, लांबून ओळखू येईल. ती धक्क्यावर उभी राहायची ना."

सुरेशना हे ठाऊक नव्हते. ते खाली बसले.

"कुठला हिरवा?" काकांनी विचारले.

"आता ते सांगून कळायचं नाही तुला."

"मग समोर बसून सांगा. मी रंग कालवतो, तुम्ही सांगाल तसा. पण आधी ऑपरेशन करून या. तोवर मी हिला ब्रश लावत नाही."

गलबत बाबांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. मग त्यांनी ते अंदाजाने काकांच्या दिशेने पुढे केले आणि म्हणाले, "सुरेश, उद्या किती वाजता निघायचं?"

ऑपरेशन झाले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. गाठ साधी निघाली. पुढे महिनाभराने बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि "केळीचं पान, पण नुकतं उलगडलेलं," असे सांगून, आणि कालवलेल्या रंगाचे आम्ही केलेले वर्णन दर वेळी नाकारून, त्यांनी आम्हाला पुरते छळले. काकांनी किती वेळा रंग कालवून फेकला ते विचारू नका. त्यानंतर सुरेशनी बाबांना खरोखर गावी नेले, हिरव्या पट्ट्याच्या फत्तेमारीसह.

माझी पुढे बदली झाली. काका निवृत्त होऊनही लखनौतच राहिले. परवा काकूंचा फोन आला होता. काकांनी पंच्याहत्तरीत पुन्हा एक मोठे गलबत काढले आहे, जेवणाचे टेबल अडवून ठेवले आहे आणि हे कधी पुरे होणार ते सांगत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मला ती तक्रार ऐकून फार बरे वाटले. काका, आपणास उत्तम आरोग्य लाभो, आपले हात असेच स्थिर राहोत. शंभर वर्षांचा आशीर्वाद द्यायचा माझा अधिकार नाही, पण शिष्या म्हणून एक मागणे मागते: आपल्या टेबलावर कायम एक गलबत बिनरंगाचे असू द्या, आणि त्याचा रंग आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नसू दे, म्हणजे बाबांसारखे आपल्यालाही तो सांगायला थांबावेच लागेल.