तारेची दोन टोकं

परवा थोरल्या दिरांच्या मुलाची गाडी पुढून थोडी ठोकली. मेकॅनिक घरीच आला. अंगणात चिंचेखाली गाडी लावली आणि सगळ्यात आधी त्याने बॅटरीची तार काढून बाजूला वळवून ठेवली. मग हात पुसत ओट्यावर येऊन बसला.

मी विचारलं, "काम न्हाई का करायचं?"

"थांबावं लागतं आजी. स्टेअरिंगमधी पिशवी असती. गाडी ठोकली की ती फुगून तोंडापुढं येती, माणूस वाचतो. पण तिला उडवायला आत बारकी केप असती, बारूद भरलेली. बॅटरी काढली तरी करंट जरा वेळ मागं राहतो. लगेच हात घातला तर माझ्याच थोबाडावर बार व्हायचा."

थोड्या वेळाने त्याने आतला पिवळा जोड सोडवला. मी जवळ जाऊन पाहिलं. जोड सुटला की एक बारीक पत्र्याची पट्टी दोन्ही टोकांना आपोआप टेकत होती. "टोकं एकमेकाला चिकटलेली असली म्हंजी केप उडत न्हाई," तो समजावून सांगू लागला.

"म्हाईत हाय," मी म्हटलं.

तो हसला. म्हातारी उगाच बोलते असं त्याला वाटलं असणार. मी ओट्यावर येऊन बसले, पण हात आपोआप पदराच्या टोकाशी गेला आणि नसलेली गाठ चाचपू लागला. एवढ्या वर्षांनी. म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यावर जमेल तसं.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लग्नाला एक वर्ष झालं होतं. पाथर्डीच्या बाजूला आमचं गाव. निम्मं गाव खडी फोडायला जायचं, आमच्या घरचे विहिरी पाडायचे. थोरले दीर आणि माझे धनी, दोघे भाऊ सुरुंगाच्या कामात मुरलेले. विहिरीतला खडक फोडायचे आणि आम्ही बायका तो दगड पाट्यांनी वाहून ढिगावर टाकायचो.

आधी वातीचे बार असत. खडकात भोकं पाडायची, त्यात बारुदाचे तोटे भरायचे, प्रत्येकाला केप आणि वात. मग धनी एकटे खाली राहून बिडीने एकेक वात पेटवायचे आणि शेवटची पेटली की दोराला धरून वर यायचे. आम्ही बांधाआड बसून आवाज मोजायचो. सात वाती लावल्या असल्या की सात आवाज. सातवा झाला की मी श्वास सोडायची. सहाच झाले तर कोणी उठायचं नाही, अर्धा दिवस विहिरीकडे फिरकायचं नाही. भीती तेव्हाही होती, पण तिला मोजमाप होतं. शिवाय ज्याने वात पेटवली तोच जिवाच्या आकांताने वर यायचा. पेटवणारा हात आणि धोक्यातला जीव एकाच माणसाचा.

मग त्या साली राहुरीकडच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर आमच्याकडे कामाला आला. त्याच्या मागे हवेचं मशीन. भोकं भराभर पडू लागली, आणि त्याच्याबरोबर विजेच्या केपा आल्या. प्रत्येक केपेला दोन तारा, एक पिवळी, एक लाल. धनी खाली बसून एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला अशी जोडत जायचे आणि शेवटी राहिलेली दोन टोकं लांब तारेला बांधून वर आणायचे. ती तार दगडांच्या ढिगाला वळसा घालून शंभर पावलांवर ट्रॅक्टरपाशी जायची. तिथे थोरले दीर बसलेले. एक टोक बॅटरीच्या एका बोंडाला लावून ठेवायचे आणि दुसरं टोक दुसऱ्या बोंडाला टेकवलं की सगळी भोकं एकदम उडायची.

एकच आवाज.

आमच्याबरोबर पाट्या वाहणारी एक म्हातारी होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आता मोजायचं काय गं, कपाळ?" बायका हसल्या. मला हसू आलं नाही. सात उडाले की सहा, हे आता आवाजावरून कळणार नव्हतं. आणि दुसरी गोष्ट मी कोणाला बोलले नाही. ट्रॅक्टरपासून विहिरीचं तोंड दिसत नव्हतं. मध्ये ढीग होता. हात वर, जीव खाली, आणि मध्ये शंभर पावलं तार.

रात्री मी धन्यांना हळूच विचारलं, "दादांना कसं कळतं, सगळे वर आले ते?"

"मी ढिगावर चढून लाल फडकं हलवतो की."

"आन परत खाली गेलात तर?"

"परत कशाला जातोय? खुळी का काय तू."

आणखी एक सांगायला पाहिजे. थोरल्या दिरांचे कान सुरुंगांनी गेले होते. अगदी कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. आणि मी तर त्यांच्याशी बोलतच नव्हते. आमच्यात भावजय थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढून घ्यायची, बोलायची नाही, आणि दीरही मान वळवायचा. एक वर्षात मी त्यांचं तोंड धड पाहिलं नव्हतं. जेवायला वाढलं की ताट जरा आपटून ठेवायची, तेवढ्यावर त्यांना समजायचं. काही निरोप असला तर तो मावशीच्या तोंडून. मावशी नसली तर निरोप राहायचा.

तो दिवस मला उन्हासकट आठवतो. विहीर सहा परस खोल गेली होती. अकरा भोकं भरली होती. दुपार उतरायला लागली होती. सगळे वर आले, धन्यांनी ढिगावर उभं राहून फडकं हलवलं. बायका बाभळींकडे निघून गेल्या. मी माझी पाटी घ्यायला मागे राहिले होते. धनी ढिगावरून उतरून माझ्याजवळून पुढे गेले आणि एकदम थांबले. कमरेला हात लावून पाहिलं.

"डबा राहिला," ते म्हणाले. उरलेल्या केपा ते एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. तो विहिरीत दोन परसांवर एका खोबणीत ठेवलेला. "दादाला सांग, थांब म्हणावं. आलोच."

आणि गेले. पळतच गेले. घाईत त्यांच्या ध्यानातच आलं नाही, की निरोप कोणाला देतोय आणि कोणासाठी.

मी तिथे उभीच राहिले. मावशीकडे पाहिलं, ती बाभळीपर्यंत पोचली होती, दुसऱ्या अंगाला. तिला बोलावून, तिने तिथून ट्रॅक्टरकडे जाऊन. मनात एवढंच आलं आणि पाय ट्रॅक्टरकडे वळले. पळता येईना. लुगड्यात पाय अडकत होते, आणि खरं सांगायचं तर पळणारी सून थोरल्या दिराच्या अंगावर धावून गेली असं दिसेल ही लाजही होतीच. नवरा विहिरीत आणि मी पदर सावरते आहे. हे मला आजही खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

थोरले दीर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. मी येताना त्यांना दिसले. आणि त्यांनी मान वळवली.

रीतच ती. भावजय येतेय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाठ केली. आता त्यांना मी दिसत नव्हते आणि ऐकू तर येतच नव्हतं. पाठ करून ते बॅटरीवर वाकले. एक टोक बोंडाला लावलेलं होतं. दुसरं त्यांच्या चिमटीत. त्यांनी नेहमीसारखं "बार हाय रे, बार" म्हणून दोनदा हाळी दिली.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. हे वाढवून लिहीत नाही, खरोखर आला नाही.  दादा म्हणायचं, का भाऊजी म्हणायचं, हेही मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना कधी काही म्हटलंच नव्हतं. त्यांच्या हाताला धरायचं तर माझा हात पुढे होईना. त्यांचं टोक बॅटरीकडे निघालं होतं, वीतभर उरलं, मग चार बोटं.

माझ्या पायाशी तार होती. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तार ओढली.

सगळा जोर लावून ओढली. त्यांच्या चिमटीतलं टोक निसटलं, बोंडावरचंही सुटलं, आणि तार फटकन माझ्या अंगावर आली. मी ती मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसले.

ते वळले. संतापलेले होते. "आरं, काय चाललंय?" ते ओरडले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखे ते नेहमीच मोठ्याने बोलायचे. मग त्यांनी पाहिलं की ती मी आहे.

"खाली हायेत," मी म्हणाले.

"आं?"

"खाली हायेत." मी विहिरीकडे बोट केलं आणि हात खाली दाखवला.

"क्वाण खाली हाय? समदी वर आल्याती."

नाव घ्यायचं नव्हतं. आणि घेतलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी गळ्यातलं डोरलं धरून त्यांच्यापुढे केलं. पदर डोक्यावरून कधीच पडला होता. ते माझ्या हातातल्या डोरल्याकडे पाहत राहिले. मग विहिरीकडे. मग बॅटरीकडे. आणि एकदम खाली बसले, मातीत, पाय पसरून. त्यांच्या हाताची दोन बोटं अजून चिमटीत धरल्यासारखीच होती.

  ढिगावर धनी आले. डबा बगलेत मारलेला. हात हलवत म्हणाले, "उडवला न्हाई व्हय अजून?"

थोरल्या दिरांना ते काही ऐकू आलं नाही.  धनी जवळ आले, आमच्याकडे पाहिलं, माझ्या मांडीखालची तार पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्यांनी डबा अगदी जपून खाली ठेवला.

त्या दिवशी बार धन्यांनीच उडवला. थोरल्या दिरांनी बॅटरीला हात लावला नाही.  रात्री तारेने माझ्या हाताला पडलेल्या चिरांवर हळद लावताना धनी एकदा म्हणाले, "तुला बोलाया लावलं मी. चुकलं." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ट्रॅक्टरजवळ नेलं. तारेची दोन्ही टोकं सोलून एकमेकांत घट्ट पिळली. "अशी पिळलेली असली की करंट इथंच फिरतो, केपेपर्यंत जात न्हाई. ही गाठ तुझ्या पदरात बांध. मी येऊन माझ्या हातानं सोडीन तव्हाच सोडायची. दादानं मागितली तरी द्यायची न्हाई."

तेव्हापासून काम संपेपर्यंत मी पाट्या सोडून ट्रॅक्टरपाशी बसायची. पदराच्या टोकाला ती पिळलेली तार. मावशी जाता-येता म्हणायची, "बाईसायेब, नवऱ्याला बरा बांधून ठिवला की पदराला." बायका खिदळायच्या. माझं लक्ष गाठीकडे. पीळ सैल तर झाला नाही ना म्हणून मी दर थोड्या वेळाने चाचपून बघायची. चाचपल्याने सैल होईल म्हणून मग त्याचीच भीती वाटायची. धन्यांनी एकदा सांगितलं होतं, की आभाळात वीज झाली तर तिच्यानेही केप उडते. सगळं गाव तोंड वर करून ढगाची वाट पाहत होतं. मी एकटी ढगाला भीत होते. कोणाला सांगणार?

घरी सासूबाईंच्या कानावर सगळं गेलं होतं. भायासमोर, थोरल्या दिरासमोर पदर पाडला, त्याच्याशी बोलली. त्या दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी थोरल्या दिरांनी जेवता जेवता, नेहमीसारखं भिंतीकडे तोंड न करता, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सांगितलं, "आई, तिला काय म्हनू नगं." सासूबाईंनी त्यांच्यापुढे भाकरी सरकवली आणि विषय तिथेच राहिला.

पण मला खरं आठवतं ते त्यानंतरचं. रोज बार उडवायच्या वेळी धनी यायचे, माझ्या पदरातली गाठ सोडायचे, टोकं मोकळी करून भावाच्या हातात द्यायचे आणि बांधाआड जायचे. तेवढ्याने भागत होतं. धनी डोळ्यासमोर उभे असायचे, टोकं त्यांनीच दिलेली असायची. तरी थोरले दीर बॅटरीकडे वळायचे नाहीत. माझ्याकडे वळायचे. सरळ तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "आले का?"

मला रोज तेच व्हायचं.  धनी आले आहेत हे मला दिसत असायचं, त्यांना दिसत असायचं, तरी माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागायचा. बांधाआडून माणसं ओरडायची, उडवा की दादा, ऊन चाललं.

थोरले दीर दोन टोकं दोन हातांत लांब धरून उभे राहायचे. मी "आले" म्हणेपर्यंत.