अक्कांनी काही दाबलं नव्हतं

सुमतीअक्का मालिकेतल्या माणसांना उत्तरं द्यायच्या. पडद्यावरची सासू "आता मी काय करू?" म्हणाली, की अक्का पोळपाटावरून ओरडायच्या, "स्वल्प गप्प बस, एवढंच कर!" जे. पी. नगरात आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठी उंबऱ्याच्या आत, बाहेर सगळं कन्नड. यजमान गेले आणि आतली मराठीही थांबली. "बोलायला कोण आहे रे? भिंतीपेक्षा ही बाई बरी," म्हणायच्या.

मी पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. त्यांच्या टॅबवर मराठी मालिकांचं ॲप मीच घालून दिलं होतं. लेकाकडे जर्मनीला सहा महिने जायचं निघालं, तेव्हा अक्का अडून बसल्या. लेक दिवसभर कामावर, सून तेलुगू, नातवंडांचं सगळं इंग्रजीत. "तिथं ही बाई दिसेल काय?" मी आयटीतला दीडशहाणा! काही न तपासता छातीठोकपणे सांगितलं, "जगात कुठंही दिसेल, अक्का. वर्गणी भरलेली आहे." "सरी, बरं तर," म्हणाल्या आणि बॅग भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, इंग्रजीत एक ओळ येते नि बाई येतच नाही. मी भलतंच काही दाबलं काय? लेकाला सांगू नको हां, म्हणेल टॅब बिघडवलास." मला तेव्हाच कळलं. मालिका दाखवायचे हक्क भारतापुरते, बाहेर ती दिसणारच नव्हती. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण माझी फुशारकी उघडी पडली असती. "बघतो, अक्का," म्हणालो. पुढचे फोन मीटिंगच्या नावाखाली उचललेच नाहीत. रोज दहा मिनिटं मराठीत नुसतं बोललो असतो तरी चाललं असतं. तेही केलं नाही, लाज वाटते.

परतल्या त्या दिवशी टॅब लावला, तर सासू हजर! "दुरुस्त केलंस रे, शहाणा माझा!" म्हणत चिरोटे पुढे केले. मी निर्लज्जासारखे दोन खाल्ले.

त्यानंतर भिंतीपलीकडून मालिका ऐकू यायची, अक्का ऐकू येत नसत. एकदा विचारलं, "हल्ली सासूला झापत नाही?" हसल्या. "सवय मोडली रे. सहा महिने तोंड मिटूनच होते तिथं."

गेल्या श्रावणात अक्का गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर लेकानं टॅब माझ्या हातात दिला. "तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं आईनं. जर्मनीत तिनं बिघडवला होता, तुम्ही नीट केलात. शेवटी सांगितलं तिनं मला."

मी मान डोलावली आणि टॅब घेतला.