टेकडीपलीकडे गेलेला मोह

झरी जामणीकडच्या ज्या टेकडीच्या एका अंगाला माझं माहेर आहे, तिच्याच दुसऱ्या अंगाला सासर. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं घरोघरी वाटलेली असतात. कुठल्या झाडाखालची फुलं कोणी वेचायची, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. आई ज्या झाडाखाली वेचायची ते तिनं मला देऊ केलं होतं, तेही चारचौघांसमोर. ती गेल्यावर मोठ्या भावानं एका वाक्यात निकाल लावला. "लेकीले झाड नाही देत."

मी भांडले नाही. रडलेही नाही. लोक म्हणाले, बाई समजूतदार आहे. समजूतदार कसली, आतून सगळं बधिर झालं होतं. भाकरी थापायच्या, गुरं सोडायची, निजायचं. बरीच वर्षं असंच चाललं.

भावाकडची बाजू दक्षिणेची, उन्हात तापणारी. मोह पूर्वीपासून तिकडेच. आमची बाजू सावलीची, ओलसर. इथं तो धरतच नसे. फुलांसाठी टेकडी चढण्यात सासूबाईंची हयात गेली. आता पाऊस येतो तो झोडपून जातो आणि मग गायब होतो, ऊनही लवकर तापतं. तिकडची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. आमची बाजू मात्र पूर्वीच्या तिकडच्यासारखी झाली आहे. वटवाघळं आईच्या झाडाची फळं खातात, बिया इकडे टाकतात आणि त्या रुजतात. नाल्याच्या वर मोहाची कोवळी झाडं उभी राहिली. मला ती रोज दिसायची, पण दिसून काही वाटायचं नाही.

यंदा आईच्या झाडाचा शेंडा वाळला. भाऊ टेकडी उतरून आमच्याकडे आला, त्या कोवळ्या झाडांमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मायच्याच झाडाचे हायेत हे. म्हंजे माह्या वाट्याचे."

इतक्या वर्षांनी मला राग आला, चांगला सणसणीत. खरं सांगते, बरं वाटलं.

"मंग उपटून ने," मी म्हणाले. "लाव मायच्या झाडाखाली."

तो खाली बसला आणि एका रोपाभोवतीचं गवत काढू लागला.

"दर पावसाळ्यात लावून राह्यलो," तो म्हणाला. "इथूनच नेतो, तू घरी नसली का. एकही जगत नाही. ऊन लागलं का जयून जाते."

आईचं याला काहीच वाटत नाही, असं मी धरून चालले होते. आता रागाला जागाच उरली नाही. मी तिथंच रडायला लागले, आई गेली तेव्हा राहून गेलेलं सगळं. भाऊ गवत काढत राहिला. माझं रडणं ओसरल्यावर त्यानं खाली पाहतच विचारलं, "इथलं एखादं झाड मले देशीन का?"