मर्ल आंटीचं शिंग

मर्ल ब्लेखर पर्थला आली तेव्हा तिला शिकवायची हौस नव्हती. दक्षिण आफ्रिकेतलं घर विकून नवरा सॉलीबरोबर ती इथे आली आणि एका चष्मेवाल्याच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागली. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, रविवारच्या शाळेतल्या बाई आजारी पडल्या, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "दोनच रविवार सांभाळ गं." त्या दोन रविवारांना आता तेहतीस वर्षं झाली होती. बाई बऱ्या होऊन नातवंडांकडे सिडनीला गेल्या, सॉली वारला, चष्म्याचं दुकान बंद पडलं. मर्ल मात्र दर रविवारी साडेनऊला हॉलमागच्या खोलीत हजर असायची. आता ती एकाहत्तर वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते आणि वर्गात सहा ते पंधरा वयाची अकरा मुलं होती.

तिचा वर्ग म्हणजे मासळीबाजार. हिब्रू अक्षरं पाठ करून घेताना ती कडक असायची, पण तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातला एखादा उतारा वाचला की मुलांना वाद घालायला मोकळीक. "देवाशी भांडलेल्यांचे वंशज आपण," ती म्हणायची, "माझ्याशी भांडायला काय जातंय?"

मर्लला सगळं येत होतं, एक सोडून. नव्या वर्षाला, रोश हशानाला, मेंढ्याचं शिंग फुंकतात ना, ते तिला फुंकता येत नव्हतं. लांब सूर कुठला, तुटक कुठला, थरथरता कुठला, हे ती झोपेतही सांगेल. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं गावभर मिरवत शिंग फुंकत. ती स्वतः फुंकायची वेळ आली की मात्र "आज ओठ फुटलेत" म्हणायची. तेहतीस वर्षं ओठ फुटलेले! मुलांनाही त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

त्या वर्षी जुलैत तिने ठरवलं, पुरे झाली ही लपवाछपवी. दर बुधवारी दुपारी, सिनेगॉगमध्ये चिटपाखरू नसताना, ती शिंग घेऊन अंगणातल्या निलगिरीच्या झाडाखाली जायची, गाल फुगवायची आणि फुंकायची. आवाज यायचा तो असा, की कोरड्या नळाने आधी खाकरावं, मग एखाद्या बेडकाचा पाय दारात सापडावा. दम संपला की ती बाकावर बसून बिस्किट खायची आणि त्याचा चुरा समोर फेकायची. झाडावरचा मॅगपाय, एक काळा-पांढरा पक्षी, खाली येऊन तो टिपायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा. एवढ्या मन लावून तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

सप्टेंबर लागला, मॅगपायच्या घरट्यात अंडी आली आणि बापाचं डोकं फिरलं. सप्टेंबर म्हणजे तिथला वसंत, आणि वसंतात ते फिरतंच. पण या बाप-मॅगपायला किप्प्यांचा विशेष राग होता. फाटकातून कोणी डोक्यावर ती छोटी टोपी घालून आत आलं, की हा मागून बाण सुटल्यासारखा यायचा आणि टाळक्यावर टोच मारायचा. सिनेगॉगचे अध्यक्ष नेव्हिल स्टाइनिट्झ यांचा विणलेला निळा किप्पा तर त्याने सरळ उचलून नेला आणि घरट्याच्या काठावर नेऊन ठेवला. नेव्हिलचं बाथरूमच्या फरशांचं दुकान होतं, आणि माणूस शिस्तीचा. टकलावर पट्टी लावून तो रविवारी वर्गात आला.

"मर्ल, मी नगरपालिकेला कळवतोय. तो पक्षी इथून हलायलाच हवा."

"हलव ना, लेकरा," मर्ल म्हणाली. "पण आधी तोरा काय म्हणते ते बघू या. मुलांनो, पुस्तकं काढा."

तिने घरट्याचा उतारा काढला: वाटेत पक्ष्याचं घरटं दिसलं, तर आईला पिल्लांसकट धरू नये, आधी आईला जाऊ द्यावं.

तेरा वर्षांच्या ऑर्लीने हात वर केला. तिला वकील व्हायचं होतं आणि घरच्यांना तिची आत्तापासूनच धास्ती होती. "यात आईबद्दल लिहिलंय. टोचतोय तो बाप. बापाबद्दल तोरा गप्प आहे."

"आणि आपल्याला अंडी कुठे हवीत?" आठ वर्षांचा झीव म्हणाला. "आपल्याला फक्त आत यायचंय."

"शिवाय हा नियम खाण्यायोग्य पक्ष्यांपुरता आहे," ऑर्लीने खालच्या टिपेवर बोट ठेवलं. "मॅगपाय आपण खात नाही."

"मग ठरलं तर," नेव्हिल म्हणाला.

"काही ठरलं नाही," ऑर्ली म्हणाली. "नियम लागू नाही, एवढंच ठरलं. दया करायला नियम लागतो होय?"

नेव्हिलने मर्लकडे पाहिलं. मर्ल खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

शेवटी तह झाला. पिल्लं उडेपर्यंत सगळ्यांनी सायकलचं हेल्मेट घालून यायचं. मागून येणाऱ्या पक्ष्याला फसवायला मुलांनी हेल्मेटांच्या मागे मोठे डोळे रंगवले. नेव्हिलच्या हेल्मेटवर झीवने डोळ्यांबरोबर मिशाही काढल्या. फक्त मर्ल उघड्या डोक्याने ऐटीत येत-जात होती, आणि पक्षी तिला काही करत नव्हता.

"मर्ल आंटी, तुम्हाला कसा नाही हो टोचत?"

"वयाचा मान ठेवतो तो," ती म्हणायची आणि विषय बदलायची.

रोश हशानाचा दिवस उजाडला. सिनेगॉग भरलं होतं. गावातले एक दंतवैद्य शिंग फुंकायला उभे राहिले आणि त्यांनी असा लांब, स्वच्छ सूर लावला की म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. मग सगळे उभे राहून मनातल्या मनात प्रार्थना करू लागले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि उघड्या खिडकीतून आवाज आला. आधी कोरड्या नळाची खाकर, मग बेडूक.

लोकांनी डोळे किलकिले केले. पुन्हा तेच, या वेळी जरा लांबवून. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, दुसऱ्याला खोकल्याची उबळ आली, दंतवैद्यांनी घाईघाईने शिंग पाठीमागे लपवलं, जणू तेच गुन्हेगार.

मर्लने प्रार्थनेचं पुस्तक तोंडासमोर धरलं. तो आवाज तिने कुठेही ओळखला असता.

"हा कोणाचा वात्रटपणा आहे?" प्रार्थना संपताच नेव्हिल पुटपुटला आणि मुलांकडे डोळे वटारून तरातरा बाहेर गेला. हेल्मेट आतच राहिलं. अंगणात चिटपाखरू दिसेना, दिसला तो मॅगपाय, आणि तो झेपावला. नेव्हिलने प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि पांढऱ्या भुतासारखा झाडाभोवती पळत सुटला. मॅगपाय फांदीवर बसला, छाती फुगवली आणि त्याच्या तोंडावर संपूर्ण खाकर-बेडूक वाजवून दाखवली. खिडक्यांना अकरा पोरं लटकली होती.

"पक्षी आहे! पक्षी फुंकतोय!" झीव ओरडला. "पण हे शिकला कोणाकडून?"

नेव्हिल धापा टाकत आत आला. "हेच मला विचारायचंय. कोणी शिकवलं याला?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. आता बिचाऱ्यांवर आळ येणार, हे मर्लच्या ध्यानात आलं. ती बायकांच्या रांगेतून उभी राहिली. कान लालबुंद झाले होते.

"मी," ती म्हणाली. "तो आवाज माझा आहे. तीन महिने दर बुधवारी सराव करतेय. मला शिंग फुंकता येत नाही. कधीच आलं नाही."

मग दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले, "मर्ल, पक्ष्याची दमछाक तुमच्यापेक्षा कमी होते." आणि सगळं सिनेगॉग हसलं. मर्ल सगळ्यांत शेवटी हसली, पण हसली ती डोळे पुसेपर्यंत. तेहतीस वर्षांचं ओझं उतरलं होतं.

पुढच्या रविवारी वर्गात नेव्हिल येऊन बसला. गव्हाच्या पट्ट्यातल्या कटॅनिंग गावात तो लहानाचा मोठा झाला होता. तिथे त्यांचं एकच ज्यू घर, त्यामुळे असली शाळा त्याने कधी पाहिलीच नव्हती. लहान मुलांच्या खुर्चीत त्याने स्वतःला कसंबसं कोंबलं.

"मला एक शंका आहे," तो म्हणाला. "ज्याने दंतवैद्यांचं ऐकलं नाही, फक्त पक्ष्याचं ऐकलं, त्याचं नव्या वर्षी शिंग ऐकण्याचं कर्तव्य पार पडलं का?"

मर्लला वाटलं, या माणसाला मिठी मारावी.

"नाही," ऑर्ली म्हणाली. "ज्याच्यावर ती आज्ञाच नाही, तो दुसऱ्यासाठी फुंकू शकत नाही. पक्ष्याला कुठली आज्ञा?"

"पण आवाज मर्ल आंटींचा होता!" झीव म्हणाला. "पक्ष्याने नुसता पोचवला."

"मग तो प्रतिध्वनी झाला. प्रतिध्वनी चालत नाही."

"मुळात," नेव्हिल म्हणाला, "मर्लचा तो आवाज शिंगाचा म्हणायचा का?"

वर्गात असा गदारोळ उठला की बाहेर गाड्यांत बसलेले आईबाप भोंगे वाजवून थकले. एक वाजला. नेव्हिल उठला तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. ऑर्लीने आणि झीवने पाय धरून ती ओढून काढली, तरी तो दाराकडे जाता जाता प्रतिध्वनीबद्दल भांडतच होता.

त्याच्या पुढच्या रविवारी तो घरून स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आला, आणि मर्लने हजेरीत त्याचं नाव मुलांच्या खाली, बारावं, लिहून टाकलं.