हातावरून ओळखणाऱ्या कासारकाकू

कासारकाकू माणसाचं तोंड आधी कधी बघायच्या नाहीत. आधी हात बघायच्या. तिसगावच्या बाजारात त्यांच्यापुढं बसलं की त्या मनगट हातात घेत, अंगठ्याखालचं हाड दाबत आणि बांगडीचं माप सांगत. बायकांची नावं त्या विसरत, मापं विसरत नसत. "अगं ए सव्वादोन, सासू बरी हाय का?" अशी त्यांची हाक भर बाजारात ऐकू यायची. बायका हसायच्या. मला मात्र त्यांची ही सवय फार बरी वाटायची. माझ्याकडं कुणी नीट बघितलं की मला बोलणंच सुचत नाही. काकूंपुढं पदर ओढून बसायची गरज नव्हती.

लग्नाचा चुडा मला त्यांनीच भरला. तेव्हा मी सव्वादोन होते. दहा-बारा वर्षं ऊसतोडीला गेले आणि अडीच झाले. "कोयत्यानं हात पसरवला गं तुझा," असं म्हणून त्या माझा हात उगीच थोडा वेळ धरून ठेवत.

पुढं बायका दुकानातल्या धातूच्या बांगड्या घालू लागल्या. काकूंची टोपली भरलेली यायची आणि भरलेलीच परत जायची. त्याच सुमाराला खताच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर आले. पुण्याच्या एका कंपनीचं काम होतं. पडद्यावर शेताचे फोटो यायचे. माउसनं प्रत्येक रोपाच्या कडेनं रेघ ओढायची आणि ते पीक आहे की तण, ते सांगायचं. असे फोटो बघून बघून मशीन स्वतः तण ओळखायला शिकणार, असं तिथल्या मॅडम सांगायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या काकू तिथं सगळ्यांत आधी जाऊन बसल्या. टोपली टेबलाखाली ठेवली. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, "आदी बी काच हुती, आता बी काचच हाय. फक्त ही फुटली तर दुसरी टोपलीत न्हाई."

नवरात्राच्या आधी मी बांगड्या भरायला गेले. हाड दाबता दाबता त्या म्हणाल्या, "औंदा उसाच्या फडावर जायाचं मनात न्हाई तुझ्या."

मी दुसरा हात पुढं केला.

"पूजा कितवीला?"

"चौथीला."

एवढंच बोलले. मीही चौथीतच होते, आईबापाबरोबर फडावर गेले ती पुन्हा शाळेत बसलेच नाही. माझी लेक पूजा दर वर्षी दिवाळी झाली की आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढायची. काकूंनी पुढं काही विचारलं नाही. शेवटची बांगडी चढवली, हात काही सोडला नाही, आणि मला तशीच धरून कॉम्प्युटरच्या खोलीचा जिना चढवला.

माउस हातात आला की माझी मूठ कोयता धरल्यासारखी आवळायची. बाण कुठल्या कुठं पळायचा. काकू माझ्या हातावर हात ठेवायच्या. "ढिला सोड. हाडाशी भांडून बांगडी चढत न्हाई." दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर यायचं. पडद्यावर कुणाचं तरी हिरवं रान असायचं. आमचे दोन हात त्या रानाच्या कडेकडेनं चालत राहायचे. कुठल्या गावाचं रान, कुणी पेरलेलं, काही माहीत नसायचं. मला वाटायचं, आपण दोघीच त्यात शिरलोय आणि बांधावर कुणी हाक मारणारं नाही.

कामावर घेण्याआधी परीक्षा असायची. तीत मी नापास झाले. मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. "ताई, हे सगळं तण तुम्ही पीक म्हणून कसं दाखवलं?"

मी मान खाली घातली. काकू वाकल्या, पडदा बघितला आणि पोट धरून हसू लागल्या. "अहो मॅडम, हिनं भाजी वाचवली!" मग मला कोपरानं ढोसलं. "बोल की. तुझी चूक न्हाई तर मान खाली कशाला?"

मी पडद्याकडं बघतच बोलले, "ही घोळ हाय. हा तांदुळजा. फडावर दुसरी भाजी कुठं असती? ह्याच्यावरच लेकरं वाढली. त्याला तण म्हनवंना."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पण नियम बदलला नाही. पेरलेलं ते पीक, बाकीचं तण. चार दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. ते चारही दिवस काकू मला बांधाबांधानं फिरवून झाडं ओळखायला लावत होत्या. "तोंडानं तण म्हन. मनात भाजी म्हन. मन कोन बघतंय?"

मी पास झाले. पण घरी कोयता आडवा आला. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी राहिले तर पूजाचे वडील अर्धेच उरत होते. काकू संध्याकाळी घरी आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "सोपानराव, हात बघू."

"मला भरता का काय बांगड्या?" ते हसले, पण हात पुढं केला.

"ह्या हाताला जोडीला भाऊ मिळंल. पोरीला चौथी पुन्ना मिळायची न्हाई. घरातलीच बघा की, हिला मिळाली का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हिला मग." त्या साली दोघे भाऊ मिळून गेले.

ट्रक गेल्यावर गाव निम्मं रिकामं झालं. लग्नानंतर मी माझ्या घरचा हिवाळा बघितलाच नव्हता. सकाळी ज्वारीवर धुकं उतरायचं आणि सगळं रान दुधात बुडल्यासारखं दिसायचं. पूजा त्यातून शाळेला जायची, दप्तर शेवटपर्यंत दिसत राहायचं. मग मी कामाला जायचे.

पौषात काकूंनी अंथरूण धरलं. नेवाशाहून त्यांची लेक आली. एरवी गावात कोण गेलं ते आम्हाला गुढीपाडव्याला परतल्यावर कळायचं. रडायलाही उशीर झालेला असायचा. या वेळी मी होते. रोज कामावरून सुटले की पूजाला घेऊन त्यांच्याकडं जायचे. पूजा धडा मोठ्यानं वाचायची. काकू डोळे मिटून ऐकायच्या. ती अडखळली की म्हणायच्या, "हळू वाच. मला कुठं जायाचंय?"

एका सकाळी त्यांच्या लेकीचा निरोप आला, काकू गेल्या. पूजा दप्तर घेऊन दारात उभी होती. जाऊ की नको, ते तिनं तोंडानं विचारलं नाही. मी तिची वेणी घातली, तिला शाळेच्या वाटेला लावलं आणि मग काकूंकडं गेले.