घट बसायच्या आधी घासलेलं यान

आमच्या घरात एकदा मी अवकाशयान भांड्यांच्या घासणीनं घासलं. चांगलं स्वच्छ निघालं.

कारण साधं होतं. नवरात्रात घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन काढतात. गोधड्या पंचगंगेवर जातात, डबे, फळ्या, पडदे, पंख्याची पाती घरी. मळकं म्हणून काही ठेवायचं नाही. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर बसून काय धुवायचं राहिलंय ते दाखवतात आणि मी धुते. त्या दिवशी त्यांनी मामांच्या खोलीतल्या फळीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "त्ये बघ. चुलीवरच्या पातेल्यागत झालंय."

मामा म्हणजे माझे सासरे. ते शिरोलीला फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब करून द्यायचं त्यांचं काम. तरुणपणी मालकांनी त्यांना शिकायला विलायतेला पाठवलं होतं. तिथं भाषा येईना, थंडी सोसेना, जेवण उतरेना. मग संध्याकाळी घरमालकिणीच्या टीव्हीसमोर जाऊन बसायचे. त्यावर अवकाशयानांची मालिका लागायची. बोललेलं एक अक्षर कळायचं नाही, पण यान लाकडाचं आणि प्लॅस्टिकचं केलेलं आहे आणि सांधा कुठं दडवलाय, ते मामांना बरोबर दिसायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी तसली यानं करायला घेतली. सागवानाचे तुकडे, पेनांची टोपणं, शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं, जुन्या रेडिओच्या पोटातलं काहीबाही. आत्ती त्यांना 'इमानं' म्हणतात. (मीही मनात तेच म्हणायची. चौथीपर्यंतचा माझा भूगोल चंद्राच्या पुढं गेलेला नव्हता.)

मग मामांना काचबिंदू निघाला. फार उशिरा कळला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून टिकेल तेवढी टिकेल. मामा म्हणायचे, "पायपातनं बघितल्यागत दिसतंय, आणि पायप बारीक हुईत चाललाय." जेवताना त्यांचा हात भाकरीऐवजी आमटीत जायला लागला. उंबऱ्याला ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं. तरी खिडकीशी बसून एक यान रंगवत होते. "एवढं एक पुरं झालेलं डोळ्यांनी बघू दे," ते आत्तींना म्हणाले, "मग जाऊ दे काय जायचं त्ये." आत्तींनी मिक्सर लावला. (मिक्सरात काही नव्हतं.)

तर तेच यान मी घासलं. गरम पाणी, सोडा आणि हिरवी घासणी. तारेची घेतली नाही, एवढी अक्कल मला होती. धूर, तेलाचे ओघळ, गंजाचे डाग, सगळं मोरीतून वाहून गेलं आणि खालचा पांढरा ऑइलपेंट लखलखला. वाळवून परत फळीवर ठेवलं. शोभेला शेजारी पितळेचा तांब्यासुद्धा ठेवला.

दुपारी मामा आमच्या ह्यांच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यातून आले. फळी चाचपून यान उचललं. डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"ह्ये कुणाचं?"

"तुमचंच की," आत्ती म्हणाल्या. "सुनंनं घासलंय. आता कसं माणसाच्या घरातलं वाटतंय."

मामा खाटेवर बसले. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, खूश झाले.

"आगं, ती घाण म्या रंगवलेली हुती."

"घाण कोण रंगवतंय?"

"पावसाळाभर रंगवत हुतो. लांबनं आलेलं यान त्ये. धूर खाल्लेलं, दगडं लागलेलं. कोरं कसं आसंल? वर वॉर्निश मारायचं तेवढं ऱ्हायलं हुतं, न्हायतर निघालं नसतं."

आमचे हे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कामाला असतात. घाणीचा आणि त्यांचा संबंध ढेपेवरच्या माश्या हाकलण्यापुरता. ते म्हणाले, "परत रंगवा की, बाबा."

"कशानं? आत्ता डॉक्टरनं तक्ता दाखवला. मला तक्ता कुठं हाय त्येच दिसंना." त्यांनी यान मांडीवर घेतलं. मग मामा म्हणाले, "जिनं घासलंय तिलाच रंगवू दे. मी सांगतो तसं."

आता माझी अडचण अशी, की मी मामांसमोर बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावरचा पदर आणि तोंडातली जीभ, दोन्ही जागच्या जागी. त्यामुळं मामा आत्तींना सांगणार आणि आत्ती मला, अशी शिकवणी सुरू झाली.

"तिला सांग, इंजनाच्या मागं काळं धर."

"मागं काळं कर म्हंत्यात. आणि आटप, भाकरी करायच्या ऱ्हायल्यात."

मी केलं. मामांनी यान डोळ्याला लावलं.

"ह्ये काय? ठिपकं ओळीत?"

"रांगोळीची सवय हाय तिला."

"आगं, घाण काय ओळीत बसती व्हय? एस्टीला माणसं ओळीत उभी ऱ्हात न्हाईत, आणि घाण ऱ्हाईल?"

दुसऱ्या दिवशी मी गंजाचा एक ओघळ काढला. खराखुरा वाटत होता. इतका खराखुरा, की माझा हात आपसूक पदराकडं गेला आणि मी तो पुसून टाकला. डाग दिसला की पुसायचा, यापलीकडं मला जन्मात कुणी काही शिकवलेलं नाही. आत्ती म्हणाल्या, "आत्ता तर चांगलं मळलं हुतं. गेलं कुठं?" मी पदराचं टोक पाठीमागं धरलं.

तेवढ्यात घट बसले आणि आत्तींनी हुकूम काढला, की देव बसलेल्या घरात घाण करायची नाही. मग यान, रंग आणि मी परसात धुण्याच्या दगडावर गेलो. तिथं मला एक भारी युक्ती सुचली. रंगवलेला धूर जमत नाही, तर खराच धूर द्यावा! मी शेगडी पेटवली आणि यानाचं बूड तिच्यावर धरलं. धूर झकास बसला. मग शाम्पूची झाकणं वितळली आणि इंजिनं एकामागून एक गळाली.

आत्ती धावत आत गेल्या, मागोमाग मी. "आवो, इमान पडलं."

"कुठं?"

"तिच्या चपलंवर."

मामा हसले. असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं तरी ते उपरण्यानं डोळे पुसत राहिले आणि आत्तींनी मला हातानंच बाहेर जा म्हणून खुणावलं. संध्याकाळी बघते तर आत्तींनी शाम्पूच्या भरलेल्या बाटल्या तांब्यात ओतून झाकणं मोकळी करून ठेवली होती.

त्यानंतर मामांनी 'बघू' म्हणून यान मागणं सोडलं. "सांग तिला, तुझ्या मनानं कर," एवढंच म्हणायचे. मला वाटलं, माझ्यावर विश्वास बसला. मला तर मनातून गर्वच झाला. नवी झाकणं इंजिनांच्या जागी चिकटवली आणि गॅसच्या मागची भिंत आठवून मी रंगवत गेले. जिथं माणसाचा हात लागतो तिथं घाण पुसट होते, जिथं लागत नाही तिथं साठून काळी होते. तसं करत करत यानाची एक बाजू खरंच जमली. दुसरी अजून पांढरीफेक होती.

एवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. आत्तींनी मामांची हत्यारं, पटाशी, रंधा, करवत, पाटावर मांडली आणि म्हणाल्या, "इमान बी आण. आसंल तसं आण. त्येंच्या हातचं हाय."

मी आणून मामांच्या हातात दिलं. ते खिडकीकडं वळले. पांढरी बाजू तोंडासमोर धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"आता कसं," ते म्हणाले. "आता बरोबर घाण झालंय. ह्यो ओघळ तर लई झ्याक आलाय, पोरी." त्यांचं बोट कोऱ्या पांढऱ्या रंगावरून हळूहळू खाली गेलं.

मी आत्तींकडं बघितलं. आत्तींच्या हातातली कुंकवाची वाटी तिरपी झाली होती. ती सरळ करायलाही त्यांनी वेळ घेतला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई घाण केलंय तिनं."

मामा माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलले होते, म्हणून मीही पहिल्यांदाच सरळ बोलले. "वॉर्निश मारू का, मामा?"

"मार की," ते म्हणाले आणि यान माझ्याकडं केलं. मी होते त्याच्या जरा डावीकडं.

दुसरी बाजू मी दसऱ्यानंतर रंगवली. मग वॉर्निश मारलं. माझ्या रंगकामाचं आयुष्यात एकदाच कौतुक झालंय, आणि तेही जी बाजू मी रंगवलेलीच नव्हती तिचं.