मेटलर्जीची पाटी मी उतरवली

खालापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मेटलर्जी शिकवतो. म्हणजे धातू वितळतो, विद्यार्थी वितळत नाही, हे रोज पाहतो. प्रवेश घटले तेव्हा प्राचार्यांनी मला उपाय विचारला. विचारणं ही त्यांची चूक. उत्तर देणं माझी.

सभेत मी तासभर बोललो. रशियाने उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने सरकारी पैसा ओतला, धातूवाले, काचवाले, प्लॅस्टिकवाले आणि भौतिकीवाले एका छपराखाली बसवले. इंग्लंडात जुन्याच धातुशास्त्र विभागांनी नावाला ‘मटेरियल्स’ जोडलं. जर्मनीत कारखाने आणि प्रयोगशाळा एकमेकांना धरूनच होत्या, त्यामुळे विषय आधी आला आणि नाव मागून. जपानात पोलाद शिकवणारे हळूहळू चिप्सकडे वळले. सगळीकडे पाटी बदलली, आपणही ‘मटेरियल सायन्स’ होऊ. शेजारच्या रसायनी गावातल्या कारखान्यांत पोरांना हातोहात उचलतील, असंही ठोकून दिलं. टाळ्या पडल्या.

आमच्या कॉलेजच्या भट्टीवर पळसदरीकडचे एक मामा वीसेक वर्षं होते. पितळ कधी ओतायचं हे ते ज्वाळेवरून सांगत. तापमापक नंतर मान डोलवायचा. नव्या विभागाच्या अर्जात ‘आवश्यक पदे’ असा तक्ता होता. मी एका परदेशी विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं आणि दिसली ती पदं जशीच्या तशी उतरवली. त्यात भट्टीवाला नव्हता. असलेला माणूस आपोआप राहीलच, अशी माझी समजूत.

मामांनी एकदा विचारलंही, “सर, कागदात मी हाय ना?”

“मामा, तुमच्याशिवाय विभाग चालेल का?”

“चालंल का ते नाय विचारलं. लिवलंय का?”

“लिहिलंय हो,” मी म्हणालो. लिहिलं नव्हतं. घरी जाऊन लिहू म्हटलं, आणि पाटीचा रंग निवडण्यात विसरलो.

मंजुरी आली, पाटी लागली. महिन्याभराने मामांच्या हातात पत्र पडलं: पद नाही. मी प्राचार्यांकडे धावलो. त्यांनी अर्ज काढून माझी सही दाखवली. “तुम्हीच म्हणालात ना, बाहेरच्या देशांत असंच असतं?”

मग मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडलं. दुसऱ्या पानावर तंत्रज्ञांची यादी होती. भट्टी सांभाळणारे तीन होते, सगळ्यात वर. दुसरं पान असतं हे मला सुचलंच नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज केला, तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

मामा आता एका फार्महाऊसवर हिरवळीला पाणी घालतात. परवा गाठ पडली.

“तुमी अमेरिका, जपान वाचून आलात सर. आमच्या शेडात मात्र कधी धा मिंटं बसला नाय.”

मी हसलो.

“पोरं ओततात का अजून?” त्यांनी विचारलं.

“ओततात की,” मी म्हणालो. भट्टी ते गेल्यापासून पेटलेली नाही. पोरांना मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो.